रायपूरहून दुबराज आणा, पण पारखून

सहलीहून परतताना रिकाम्या हाताने यायचे नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. साताऱ्याहून कंदी पेढे येतात, नागपूरहून संत्रा बर्फी, मालवणहून खाजे, गोव्याहून काजू. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातली मंडळी यांच्या वाट्याचे पुडे बॅगेच्या कोपऱ्यात ठरलेले असतात. रायपूरला जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेतून बहुधा कोशाची साडी निघते, नाहीतर बस्तरच्या कारागिरांनी ओतलेला पितळी ढोकरा हत्ती. तांदूळ निघाला, तर मात्र घरचे हसतात. ‘एवढ्या लांबून तांदूळ? का, आपल्या वाण्याकडचा संपला होता?’

इटलीला सुटीवर गेलेल्या माणसाला असे कोणी हसत नाही. तो परतताना वाइनची बाटली आणतो आणि ती नुसती ‘इटलीची वाइन’ नसते. तिच्यावर गावाचे, प्रदेशाचे नाव असते. बाटलीवर बारोलो लिहिले असेल, तर आतली वाइन पिडमॉन्ट प्रांतातल्या त्या गावाच्या आसपासच्या ठरावीक टेकड्यांवरची आणि नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांचीच असावी लागते. टस्कनीतल्या क्यांती वाइनची हद्द तर तिथल्या ग्रँड ड्यूकने १७१६ सालीच हुकूम काढून आखून दिली होती. पुढे १९६३ मध्ये इटलीने कायदा करून अशा नावांना संरक्षण दिले. वरच्या दर्जाच्या बाटलीच्या तोंडावर क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी असते. बाटली घेणाऱ्याला खात्री असते, की नाव आणि वस्तू यांची फारकत झालेली नाही.

आपल्याकडे नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे. छत्तीसगडमध्येही स्थानिक पेये आहेत. मोहाच्या फुलांची दारू आहे, बस्तरमध्ये सल्फीच्या झाडाचा रस आहे. पण सल्फी झाडाखालीच प्यायची, ती टिकत नाही आणि दारू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना परवान्यांचे नियम आड येतात. छत्तीसगडच्या मातीचा स्वाद बॅगेत घालून आणायचा आणि घरातल्या लहानथोरांनी एका पंगतीत बसून घ्यायचा, तर त्यासाठी एकच वस्तू आहे – तिथला सुगंधी तांदूळ. जसे इटलीत दर डोंगराआड द्राक्ष बदलते, तसा इथे दर खोऱ्यात तांदूळ बदलतो.

पुरानी बस्तीतले मराठी घर

पुरानी बस्ती हा रायपूरचा नावाप्रमाणेच जुना भाग. अरुंद गल्ल्या, महामाया देवीचे मंदिर, केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांमुळे नाव पडलेला दूधाधारी मठ, आणि जवळच बूढा तलाव. या शहरात मराठी बोलणारी घरे आहेत, याचे पुण्या-मुंबईच्या माणसाला आश्चर्य वाटते. पण अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून इथला कारभार पाहत होते. नंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रायपूरला हलवले. कचेरी, कोर्ट, शाळा आणि रेल्वे यांच्याबरोबर मराठी कुटुंबे येत राहिली. इथल्या एका मोहल्ल्याचे नावच तात्यापारा आहे. हिंदी पत्रकारितेत मानाने नाव घेतले जाणारे माधवराव सप्रे याच प्रदेशातले मराठी गृहस्थ. त्यांनी १९०० मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. ते पेंड्रा आज आणखी एका गोष्टीसाठी ओळखले जाते – विष्णुभोग तांदळासाठी.

अशाच एका मराठी घरातून, पुरानी बस्तीतून, पुण्याला कोथरूडच्या एका घरी दरवर्षी संक्रांतीच्या मागेपुढे कापडी पोतडी येत असे. पाठवणाऱ्या आत्याबाई. कोणीतरी ओळखीचे आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला निघाले, की त्याच्या सीटखाली ती पोतडी जायची. पोतडीचे तोंड सुईदोऱ्याने शिवलेले, वर शाईने लिहिलेले – ‘दुबराज, नगरी’. कोथरूडच्या सूनबाईंना लग्नानंतर पहिल्यांदा ती पोतडी मिळाली, तेव्हा त्यांनीही मनात तेच म्हटले होते – तांदूळ कशाला? पण कुकरऐवजी पातेल्यात तो भात रटरटू लागला आणि जिन्यातून वर येणाऱ्या शेजारीणबाईंनी दारातच विचारले, ‘आज काय खास बेत?’ बेत वरणभाताचाच होता.

तेव्हापासून वीस वर्षे श्राद्धाला, गौरींना आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना हाच भात. मुलगी होस्टेलवर गेली, तेव्हा घरच्या जेवणातल्या ज्या वस्तूंची तिला आठवण यायची, त्यात भाताचा वास पहिला. दोन वर्षांपूर्वी मात्र संक्रांत यायच्या आधीच आत्याबाईंचा फोन आला. ‘सूनबाई, या नाताळच्या सुटीत तुम्ही सगळे इकडेच या. पोतडी यंदा स्वतःच घेऊन जा. पुढच्या वर्षीचं काही सांगवत नाही.’

आत्याबाईंनी ऐंशी ओलांडलेली. घरच्यांना वाटले, प्रकृतीचे बोलत आहेत. प्रत्यक्षात त्या तांदळाचे बोलत होत्या.

गोल बाजारातले दहा ढीग

रायपूरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आत्याबाई सूनबाईंना रिक्षात घालून गोल बाजारात घेऊन गेल्या. तांदळाच्या दुकानात पोत्यांची तोंडे वळवून ठेवलेली. प्रत्येकात एक पाटी खोचलेली. ‘वाच,’ आत्याबाई म्हणाल्या. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, जीराफूल, बादशाहभोग, श्रीराम, एचएमटी...

‘एचएमटी तर आपल्याकडचं घड्याळ,’ सूनबाई हसल्या.

‘आणि तांदूळही तुमच्या महाराष्ट्राचाच!’

हे खरे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या निवडून, जपून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी हा बारीक दाण्याचा तांदूळ घडवला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांचा तांदूळ मात्र त्यांच्या जिल्ह्याबाहेर पडून रायपूरच्या बाजारातही मानाने बसला आहे.

आत्याबाईंनी दुबराजच्या पोत्यातून मूठभर दाणे घेतले, नाकाशी धरले आणि सूनबाईंच्या हातावर ठेवले. वास घमघमीत होता. ‘छान आहे की!’

‘फार छान आहे, म्हणूनच नको. कच्चा तांदूळ एवढा दरवळत नसतो. हात धुऊन ये आणि मग भिजवून पाहा, वास पाण्याबरोबर जातो की नाही ते.’ आत्याबाईंनी पाव किलो तांदूळ घेतला. घरी येऊन धुतला. पहिल्या पाण्यात सुवास निघून गेला आणि भात शिजला तेव्हा तो साध्या बारीक तांदळाचा भात होता.

खऱ्या सुगंधी तांदळाचे उलटे असते. कच्चा दाणा मंद वासाचा, पण पाणी उकळू लागले की दरवळ वाढत जातो. शास्त्रज्ञांनी या वासाच्या मुळाशी असलेले द्रव्य शोधले आहे. त्याचे नाव लांबलचक आहे – टू-अॅसिटिल-वन-पायरोलिन. बासमतीत, आपल्या आंबेमोहोरात आणि काहीजण भातात घालतात त्या पांदनच्या पानांतही हेच द्रव्य असते. ते उडून जाणारे आहे. म्हणून तांदूळ फार दिवस उघडा राहिला, फार पॉलिश झाला, की वास उतरतो. दाणा भरतेवेळी हवा थंड असली, तर हा वास अधिक चांगला उतरतो. दुबराजची जुनी जात उशिरा, जवळपास पाच महिन्यांनी तयार होते. तिचा दाणा भरतो तो कार्तिकाच्या आसपास, रात्री गार होऊ लागतात तेव्हा. म्हणून गाव आणि ऋतू यांना इतके महत्त्व.

जसे गाव, तसा दाणा

रायपूरहून तांदूळ आणायचा असेल, तर ही नावे थोडी ओळखून घ्यायला हवीत.

दुबराज हा धमतरी जिल्ह्यातल्या नगरी भागाचा. याच बाजूला सिहावाच्या डोंगरात महानदीचा उगम आहे. शृंगी ऋषींचा आश्रम इथे होता, असे मानतात. दाणा मध्यम, भात पांढरा आणि मऊ. ‘नगरी दुबराज’ या नावाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विशेष म्हणजे त्यासाठी पुढे आला तो नगरीजवळच्या बगरूमनाला गावातल्या महिलांचा बचत गट.

जीराफूल उत्तरेकडच्या सरगुजाचा. दाणा जिऱ्यासारखा बारीक, म्हणून हे नाव. त्याला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. खिरीला आणि प्रसादाच्या भाताला याच्यासारखा दुसरा नाही. विष्णुभोग गौरेला-पेंड्रा-मरवाहीकडचा, लहान दाण्याचा. नावातच देवाचा नैवेद्य आहे. जवाफूल रायगडकडचा – हे रायगड आपले नव्हे, छत्तीसगडच्या पूर्व टोकाचा जिल्हा. तिथल्या लैलूंगा भागातला जवाफूल नावाजलेला आहे.

आपल्याकडच्या वाचकांना हे फार परके वाटू नये. मुळशीच्या आंबेमोहोराला आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही असेच मानांकन आहे. भारतात यासाठीचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला.

ही चार-पाच नावे म्हणजे फार मोठ्या कोठारातली एक मूठ आहे. डॉ. राधेलाल रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. बाहेरून आणलेल्या बुटक्या जाती घाईघाईने सर्वत्र लावण्याला त्यांनी विरोध केला, त्यापायी त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी रायपूरला राहून छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून भाताच्या हजारो देशी जाती गोळा केल्या, त्यांची नावे आणि गुण नोंदवले. ते १९९६ मध्ये वारले. हा ठेवा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे आणि तिथल्या संग्रहात २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. २००२ मध्ये विद्यापीठ आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात या संग्रहाच्या वापराबाबत करार होणार असल्याचे कळताच शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. तांदळाच्या बियाण्यासाठी शहरात मोर्चे निघावेत, इतका इथल्या माणसाचा जीव धानात गुंतलेला आहे.

इथे पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ असतो. नवे धान घरात आलेले असते आणि मुले दारोदारी जाऊन ओंजळभर धान मागतात. त्या दिवशी रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवायचे नसते. आदल्या रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातात, ती ‘बासी’. तांदळाच्या पिठाचे ‘चीला’ आणि ‘फरा’. दिवाळीला ‘अइरसा’ – म्हणजे आपल्या अनारशाचाच भाऊ.

‘दाई, ए बछर आखरी आय’

पोतडीतला दुबराज आत्याबाईंच्या शेतातला नव्हताच. त्यांचे यजमान पूर्वी नगरीला शाळेत शिक्षक होते. बदली होऊन ते रायपूरला आले, पण त्यांचा एक विद्यार्थी दर वर्षी मळणी झाली, की धमतरीमार्गे बसने पोते घेऊन यायचा. गुरुजी गेले, तरी येत राहिला. घरचे दोन एकर त्याचे. त्यातल्या अर्ध्या एकरात तो दुबराज लावायचा – थोडा घरच्या सणावाराला, बाकीचा गुरुजींच्या घरी. त्या नाताळातही तो आला. ओसरीवर पोते उतरवले, चहा घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘दाई, ए बछर आखरी आय.’ हे वर्ष शेवटचे.

आत्याबाईंना हे ठाऊक होते. सूनबाईंना नव्हते. त्यांना वाटले, तो भाव वाढवून मागतो आहे. त्या म्हणाल्या, ‘किलोमागे दहा रुपये जास्त घ्या ना!’ तो नुसता हसला.

‘सूनबाई, कागद घे,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘हिशेब मांड, म्हणजे कळेल.’

हिशेब असा निघाला. छत्तीसगड सरकारने २०२३-२४ च्या खरिपापासून धानाला क्विंटलला ३,१०० रुपये देऊ केले आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदीची हमी दिली. म्हणजे अर्ध्या एकराचे साडेदहा क्विंटल, रुपये ३२,५५०. त्यासाठी जाड दाण्याची, भरपूर उतारा देणारी जात लावायची. अशी एक जात तर कृषी विद्यापीठाचीच आहे आणि तिचे नाव पुरानी बस्तीतल्या देवीचे – महामाया. पोह्यांना तीच चांगली. पीक लवकर येते, ताट आडवे पडत नाही, पैसे बँकेत जमा होतात.

आता दुबराज. ताट माणसाच्या छातीएवढे वाढते. परतीचा पाऊस आला, वारा सुटला, की लोळते. चांगल्या वर्षी अर्ध्या एकरात चार क्विंटल धान, गिरणीतून तांदूळ होऊन निघाला की अडीच क्विंटल. तो आत्याबाईंना देत होता ऐंशी रुपये किलोने. अडीचशे किलोचे वीस हजार. म्हणजे गुरुजींच्या घरचा मान राखण्यासाठी तो माणूस दर वर्षी साडेबारा हजार रुपये आपल्या खिशातून घालत होता, असेच म्हणायचे. धाकट्या मुलाला धमतरीला कॉलेजात घातले होते. आता ते परवडत नव्हते.

सूनबाई कागदाकडे बघत राहिल्या. वीस वर्षे त्या पोतडीला ‘आत्याबाईंची भेट’ म्हणत आल्या होत्या. ‘मग खरा भाव काय?’ त्यांनी विचारले.

‘तूच काढ.’

३२,५५० भागिले २५०. किलोला १३० रुपये. एवढे मिळाले, तर महामाया लावली काय आणि दुबराज लावला काय, त्याला सारखेच.

एकशे तीस रुपये! सूनबाईंच्या तोंडून पटकन निघाले, ‘या भावात चांगला बासमती येतो, आत्याबाई.’

‘येतो ना. मग बासमती खा. दुबराजला दुबराजचा दाम आहे.’ आवाजात राग नव्हता, पण त्यानंतर बराच वेळ ओसरीवर कोणी बोलले नाही.

विद्यापीठाने यावर उपाय केलेला नाही असे नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने दुबराजचीच बुटकी, न लोळणारी जात तिथे तयार झाली आहे. ज्याला दुबराज लावून पोट भरायचे आहे, त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. गुरुजींच्या विद्यार्थ्याला मात्र घरचे जुने बी मोडायचे नव्हते. त्याच्या आजोबांपासून ते कोठीत राखलेले होते. एक वर्ष पेरले नाही, की त्याची उगवण कमी होत जाते. दोन-तीन वर्षे राहिले, तर ते बी राहत नाही, नुसते धान उरते.

रात्री सूनबाईंनी पुण्याला फोन लावले. नणंद, सख्खी बहीण, जिन्यातल्या त्या शेजारीणबाई आणि नवऱ्याच्या ऑफिसातले एक रायपूरकर गृहस्थ. घरचे धरून पाच घरे झाली. प्रत्येकी पन्नास किलो. वर्षाचे साडेसहा हजार रुपये. दोघांनी कुरकुर केली. बहीण म्हणाली, ‘अगं, रोजच्याला कोण खातं असला तांदूळ?’ मग तिने आणि तिच्या जावेने मिळून एक वाटा घेतला.

सकाळी सूनबाईंनी त्या शेतकऱ्याला सांगितले, ‘भाऊ, अडीचशे किलो आम्ही १३० ने घेऊ. निम्मे पैसे पेरणीच्या आधी.’

यावर आत्याबाईंनीच आडकाठी घातली. ‘किलोचा सौदा नको. पाऊस पडला आणि दोनच क्विंटल निघाला, तर त्यानं काय करायचं? अर्ध्या एकराचा सौदा कर. दाणा होईल तो तुमचा. कमी झाला, तर तुमच्या नशिबानं कमी.’

सौदा तसाच ठरला. बगरूमनाल्याच्या बायकांनी गट करून जे मोठ्या प्रमाणावर केले, ते या पाच घरांनी अर्ध्या एकरापुरते केले, इतकेच.

तुम्ही घ्याल तेव्हा

प्रत्येकाला पुरानी बस्तीत आत्या नसते. रायपूरला गेलात, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

नवा सुगंधी तांदूळ बाजारात येतो तो डिसेंबर-जानेवारीत. दिवाळीच्या सुटीत जे मिळते ते आदल्या वर्षीचे असते. तेव्हा शक्य तर हिवाळ्यात घ्या आणि दुकानदाराला पीक कोणत्या सालचे, हे विचारा.

नुसते ‘दुबराज’ म्हणू नका, कुठला ते विचारा. नगरीचा असेल, तर पिशवीवर भौगोलिक मानांकनाची खूण आणि उत्पादक गटाचे नाव आहे का, ते पाहा. शेतकरी महिलांच्या गटांकडून किंवा उत्पादक संस्थांकडून मिळाला, तर उत्तम.

‘अरवा’ मागा. अरवा म्हणजे न उकडलेल्या धानाचा तांदूळ. ‘उसना’ म्हणजे उकडा. सुगंधासाठी घेतला जातो तो अरवाच.

आधी पाव किलोच घ्या. मुक्कामाच्या ठिकाणी शिजवण्याची सोय नसेल, तर मूठभर तांदूळ पेल्यात घालून दोन पाण्यांनी धुवा आणि मग वास घ्या. वरून लावलेले अत्तर पाण्याबरोबर जाते.

स्वस्त मिळाला म्हणून हरखून जाऊ नका. साध्या बारीक तांदळाच्या भावात कोणी खरा दुबराज विकत असेल, तर त्यात कोणाचे तरी नुकसान आहे – तुमचे, नाहीतर पिकवणाऱ्याचे.

घरी आल्यावर तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत कडुलिंबाची वाळलेली पाने घाला. सहा-आठ महिन्यांत संपवा. या तांदळाला मुरवत ठेवण्यात अर्थ नाही. नव्या तांदळाला पाणी बेताचे लागते. दोनदाच हलक्या हाताने धुवा, वीस मिनिटे भिजवा, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा. फोडणी, गरम मसाला काही नको. वर साजूक तूप आणि साधे वरण पुरे. तुटके दाणे, म्हणजे कणी, टाकून देऊ नका. तिची खीर फार छान होते.

पुढच्या पौषात काय झाले

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी नगरीकडे दोन दिवस पाऊस पडला. उभा दुबराज एका बाजूने लोळला. अडीच क्विंटलऐवजी दोन क्विंटल आणि थोडा वर, एवढाच तांदूळ निघाला. पुण्यातल्या पाच घरांच्या वाट्याला पन्नासऐवजी एकेचाळीस किलो आला. हिशेबाने किलोला जवळपास १५९ रुपये पडले.

नणंदेने फोनवर विचारले, ‘म्हणजे उरलेले पैसे पुढच्या वर्षात वळते होणार ना?’ सूनबाईंनी सौदा काय ठरला होता, ते पुन्हा समजावून सांगितले. एक घर गळाले. ते रायपूरकर गृहस्थ बदलीमुळे हैदराबादला गेले होते. त्यांच्या जागी शेजारीणबाईंच्या सूनबाई आल्या. त्यांनी अट घातली, ‘पोतडीवर गावाचं नाव हवं. आणि शेतकऱ्याचंही.’

आत्याबाईंची नजर आता अधू झाली आहे. यंदा पोतड्यांची तोंडे त्यांनी शिवली नाहीत. त्या विद्यार्थ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने शिवली आणि गावाचे व वडिलांचे नाव त्यानेच लिहिले. पोती आगगाडीत चढवून झाल्यावर त्याने पुरानी बस्तीतून पुण्याला फोन केला. पाच पोती निघाली आहेत, सहावे छोटे गाठोडे घरीच ठेवले आहे, असे त्याने सांगितले.

‘त्यात काय आहे?’ सूनबाईंनी विचारले.

‘बी,’ तो म्हणाला. ‘दहा-बारा किलो आहे. अर्ध्या एकराला पुरेल.’